नव्या चिपची डबी

माईंची आधी वाचा गेली, मग हात गेले, आणि उरलं ते उजव्या हाताचं एक बोट. आजारच स्नायूंचा. हे बोटही जाणार, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. कधी, ते पांडुरंगाला ठाऊक.

हेंद्रेपाड्याच्या देवळात कीर्तनाला माई नेहमी पहिल्या रांगेत. बुवांनी चरण अर्धा सोडला की तो पुरा करणारा पहिला आवाज माईंचा. अशा बाईला आता तहान लागली तरी सांगता येईना. म्हणून त्यांच्या यजमानांनी, गुरुदत्तांनी, डबी करायला घेतली. अंबरनाथच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस. डबीवर चार दिवे, खाली चार शब्द: पाणी, कूस, दुखतंय, कीर्तन. बेत असा, की बटण दाबलं की डबी जागी होणार, दिवा एकेका शब्दावर थांबत पुढे सरकणार. हव्या शब्दावर आला की पुन्हा दाबायचं, घंटी वाजलीच!

पण डबीत चिप कुठली घालायची, इथे घोडं अडलं. कारखान्यापासून ओळखीची जुनी ८०५१ कपाटात होतीच. तिचा प्रोग्राम गुरुदत्तांनी झोपेत लिहिला असता. पण ती सेल खायची अधाशासारखे, आणि त्या वर्षी बदलापुरात लोडशेडिंगने नुसता उच्छाद मांडला होता. नवी एव्हीआर चिप काम नसलं की चक्क झोपायची. त्याच सेलवर महिनोन्‌महिने.

"बाबा, जुनीच लावा," ऋता म्हणाली. लेक रजा काढून आईजवळ राहिली होती. "सेल मी बदलत बसेन."

"उद्या तू ऑफिसात, माझा डोळा लागलेला, त्यात लाइट नाही आणि सेल संपलेले. मग तिने कुणाला हाक मारायची?"

"आज कुणाला मारतेय?"

गुरुदत्तांनी चपला घातल्या. पिशवी उचलून उल्हासनगरला गेले. तिथल्या कॅम्प पाचातला इलेक्ट्रॉनिक सामानाचा दुकानदार लच्छूमल त्यांच्या जुन्या ओळखीचा.

"काय साईं, रिटायर झाला तरी नया माल? चाचीला पता है?"

"तिच्यासाठीच नेतोय."

लच्छूमलचं हसू मावळलं. "एकच पीस आहे, संभालके. दुसरा मुंबईहून मागवावा लागेल."

घरी येऊन गुरुदत्तांनी देवापुढे चिप ठेवली, हात जोडले आणि कामाला लागले. चिपला चालायला घड्याळासारखा ठोका लागतो; जुन्या चिपला तो बाहेरून द्यावा लागे, वर्षानुवर्षांची सवय. नवीचा ठोका तिच्या पोटातच. पण सेटिंग करताना सवयीने हात गेला तो बाहेरच्या ठोक्यावर, त्यातही भलत्याच प्रकारच्या. तसा ठोका मिळेना, तशी चिप गप्प झाली ती झालीच. काही केल्या कॉम्प्युटरला ओळख देईना.

"आता तरी जुनी?" ऋताने विचारलं.

"आता एवढं झालंय गं. प्रोग्राम तयार आहे. दुसरी आली की तासाभरात डबी चालू. एवढे दिवस पांडुरंग सांभाळेल."

माई पलंगावरून बघत होत्या. बोट चादरीवर वर-खाली होत होतं. काय सांगत होत्या, कोण जाणे.

मुंबईहून मागवलेली दुसरी चिप कितीतरी आठवड्यांनी, दिवाळी उलटल्यावर आली. या वेळी गुरुदत्तांनी सेटिंग पुन्हा पुन्हा वाचलं. डबी चालू झाली, अगदी पहिल्या झटक्यात. त्यांनी ती माईंच्या हाताखाली ठेवली.

"दाब बरं."

बोट हललं नाही. चादरीवरचं ते वर-खाली होणं कधी थांबलं, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

गुरुदत्तांनी ते बोट आपल्या बोटाने दाबलं. दिवा निघाला. पाणी. कूस. दुखतंय. कीर्तन. इथे त्यांनी पुन्हा दाबलं. घंटी वाजली. ऋताने डोळे पुसत कॅसेट लावली. बुवांनी चरण अर्धा सोडला, आणि खोलीत कुणी तो पुरा केला नाही.

"बाबा," ऋता हळूच म्हणाली, "तिला पाणी हवं असेल तर?"

गुरुदत्तांनी पुन्हा डबी जागी केली. माईंचं बोट धरून चारही दिवे जाऊ दिले, एकदा, दोनदा. कुठे थांबायचं, त्यांना कळेना. कुणीच दाबलं नाही, तशी चिप नेमून दिल्याप्रमाणे झोपी गेली. सेल अजून कितीतरी महिने पुरणार होते.