गिळतात, पण मारत नाहीत

टिल्लूच्या, म्हणजे माझ्या भाच्याच्या, मानेतली गाठ तिसऱ्यांदा पिकली तेव्हा सर म्हणाले, "याच्या पेशींची चाचणी लाव." सर म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे डॉक्टर, मी तिथली तंत्रज्ञ. ही चाचणी ते उगाच सांगत नाहीत.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात आणि आत त्याच्यावर जालीम रसायन सोडून त्याला मारतात. काही मुलांच्या पेशी गिळतात, पण ते रसायनच त्यांच्यात तयार होत नाही. जंतू आत जिवंत राहतो. चोर पकडायचा आणि घरातच ठेवून घ्यायचा, त्यातली गत! चाचणीत आम्ही रक्तात पिवळा रंग घालतो. रसायन होत असेल तर पेशीत गडद निळे ठिपके उमटतात.

सोबत निरोगी माणसाचं रक्तही लावायचं, म्हणजे रंग बरोबर आहे की नाही ते कळतं. आमच्याकडे त्यासाठी जो हाताशी असेल तो बाही वर करतो. त्या दिवशी मी माझंच रक्त काढलं. नात्यातलं रक्त घेऊ नये, असं मी नवशिक्यांना ओरडून सांगते. पण जीव थाऱ्यावर नसला की अक्कल गहाण पडते.

सूक्ष्मदर्शकाखाली टिल्लूच्या काचेवर एकही निळी पेशी नव्हती. मग माझी काच लावली. एक पेशी निळी, शेजारची कोरी. निम्म्या कोऱ्याच!

लाज वाटावी इतका आनंद झाला मला. रंगच खराब, म्हणजे टिल्लूचा निकालही खोटा! सातव्या महिन्याचं पोट सावरत मी सरांच्या खोलीत धावले.

"सर, रंग बिघडलाय!"

सरांनी स्वतःची बाही वर केली. त्याच बाटलीतला रंग घातला. त्यांच्या पेशी झाडून सगळ्या निळ्या झाल्या.

"टिल्लू तुझ्या सख्ख्या बहिणीचा ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"हा दोष आईकडून येतो. बाईच्या निम्म्या पेशी चांगल्या असतात, तेवढ्यावर तिचं निभावतं. मुलग्यात उतरला तर त्याच्या सगळ्याच कोऱ्या. तुम्हा दोघींनाही तो तुमच्या आईकडून आलाय." त्यांची नजर माझ्या पोटाकडे गेली आणि त्यांनी ती घाईने वळवली.

"मुलगा असला तर?"

"निम्मी शक्यता. घाबरू नकोस, उपचार आहेत."

घाबरू नकोस म्हणे!

बाहेर बाकावर ताई टिल्लूला मांडीवर घेऊन बसली होती. त्याचा निकाल मी तिला सांगितला. माझा सांगायला जीभच उचलेना. ती हमसून हमसून रडली. मग डोळे पुसून तिने माझ्या पोटावर हात ठेवला.

"तुझं बाळ तरी धडधाकट येऊ दे गं," ती म्हणाली.

मी "हो ताई" म्हणाले.