बाबांचं माप

दातवाल्याच्या दुकानात ज्याचा आवाज मोठा, त्याची कवळी आधी. नातीच्या लग्नाच्या फोटोत हसायचं म्हणणारे आजोबा, धुताना कवळीचे दोन तुकडे करून आणणाऱ्या शिक्षिकाबाई, ‘सोमवारी भाषण आहे’ म्हणून खुर्चीत ठाण मांडणारा वकील, सगळे घाईचे. फळीवरचा प्लास्टरचा एक साचा मात्र निवांत धूळ खात होता. तो होता दातवाल्याच्या वडिलांच्या तोंडाचा. घरच्या माणसाचं काम मागे पडतं, कारण तो दारात येऊन ओरडत नाही. आणि ओरडायला तरी तोंडात दात नकोत?

वडील रंगारी. उमेदीत शिडीवर चढले की शीळ घालायचे. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी तीच शीळ वाजली की लहानगा दातवाला हातातलं टाकून धावत सुटायचा. दात गेले, तशी शीळही गेली. आता पाहुणे आले की बाबा तोंडावर हात धरून आतल्या खोलीत जाऊन बसत. ती शीळ पुन्हा एकदा कानावर पडावी म्हणून दातवाल्याचा जीव तुटायचा. पण जीव तुटणं वेगळं आणि काम हातात घेणं वेगळं; दोहोंच्या मध्ये कुणीतरी घाईचा येऊन बसेच.

“अहो, साऱ्या बाजाराला हसवता,” बायको एकदा ताटं उचलताना म्हणाली, “आणि मामंजींना मी सफरचंद किसून घालतेय.”

“पुढच्या आठवड्यात नक्की.”

“तुमचा पुढचा आठवडा आला की मलाही उठवा हं. बघायचाय एकदा कसा दिसतो.”

हे मात्र वर्मी लागलं. रविवारी त्यानं दुकानाचं दार आतून लावलं आणि साचा खाली काढला. बाबांच्या पुढच्या दातांत होती तशी बारीक फटसुद्धा ठेवली. कवळी घासूनपुसून चकचकीत केली आणि घर गाठलं.

बाबांनी ती लावली. आरशात पाहिलं. ओठांचा चंबू केला, तोच कवळी खटकन घसरली. पुन्हा लावली, पुन्हा खटक.

“हे कुणा तरण्याचे दात दिसतात रे,” बाबा हसले.

दातवाल्यानं हिरड्यांवरून बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा उतरला. दात गेले की हिरड्या झिजत जातात, हे तो गिऱ्हाइकांना रोज घोकून सांगे. साचा फळीवर होता तसाच राहिला होता. बाबा तसे राहिले नव्हते.

“असू दे. लोकांचं आधी उरक. मला कुठं भाषण ठोकायचंय?”

“चपला घाला, बाबा. आत्ताच्या आत्ता.”

दुकानात त्यानं बाबांना खुर्चीत बसवलं. फोन वाजून वाजून थकला. लगदा भरलेलं मापाचं भांडं त्यानं बाबांच्या तोंडात बसवलं आणि हनुवटी धरून उभा राहिला. नव्या दातांनी शीळ येईलच असं नाही, हे तो धंद्यानं ओळखून होता. परक्यांच्या जबड्यांत उभा जन्म गेला, पण हा चेहरा असा हातात कधी घेतला होता, काही केल्या आठवेना. गालफडं किती आत गेली होती! हनुवटीवरचे खुंट पांढरेशुभ्र, मऊ.

लगदा केव्हाच घट्ट झाला होता. बाबांनी भुवया उंचावून विचारलं, झालं का?

“अजून थोडं,” दातवाला म्हणाला, आणि त्यानं हात काढला नाही.