टोकिलुपे मैदानाबाहेर आली

ऑकलंडच्या मामाने माझ्या थोरल्या बहिणीला, टोकिलुपेला, रग्बीची जाड टोपी पाठवली आणि आमच्या गावच्या बायकांच्या संघात जणू रेडाच शिरला. आधी टोकिलुपे डोकं बाजूला ठेवून, समोरचीच्या मांडीला खांदा लावून तिला पाडायची. आता ती सरळ डोकंच घालू लागली.

आम्हाला शिकवायला कालोलाइने आत्या. वडिलांची मोठी बहीण. आमच्या टोंगा देशात आत्यापुढे बापाचंही काही चालत नाही.

"टोपीने कान वाचतात, कातडी वाचते," आत्या म्हणाली. "आत मेंदू मात्र नारळातल्या पाण्यासारखा डचमळतोच."

"हिच्या वेळी टोप्या नव्हत्या, म्हणून पोटात दुखतंय," टोकिलुपे माझ्या कानात कुजबुजली.

"ऐकू आलं हो! नव्हत्या, म्हणूनच माझे कान असे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे झालेत. घाल तू टोपी. पण खेळताना ती नाहीच असं समज."

पांगाई गावाविरुद्धच्या अंतिम सामन्याला अख्खं गाव चटया आणि भाजलेलं डुक्कर घेऊन मैदानाभोवती बसलं होतं. उत्तरार्धात आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. पांगाईची एक धिप्पाड पोरगी चेंडू घेऊन धावत सुटली आणि टोकिलुपे डोकं पुढे करूनच तिच्यावर गेली. त्या पोरीचा गुडघा टोपीवर आदळला. टोकिलुपे लगेच उठली, हात झटकले. पंचाने विचारलं तर म्हणाली, "काही नाही झालं."

मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "लोसा, आपली बाजू कुठली गं?"

मी काही बोलायच्या आत तिने स्वतःच हात वर केला आणि थेट आत्याकडे चालत गेली. "आत्या, मला दोन-दोन चेंडू दिसतायत. मला बाहेर बसवा."

"अगं, टोपी आहे की डोक्यावर! खेळ!" बाहेरून ओरडा झाला. सगळ्यात मोठा आवाज आमच्या वडिलांचा. आत्याने नुसतं वळून पाहिलं, तसे ते चटईवर खाली बसले.

बदली खेळाडू संपल्या होत्या. एक जण कमी असताना आम्ही जीव खाऊन रोखलं, पण शेवटच्या क्षणी पांगाईने रेषा ओलांडलीच. आम्ही हरलो.

मी रडत होते. तेवढ्यात पांगाईची कर्णधार आली, स्वतःच्या गळ्यातला फुलांचा हार काढून टोकिलुपेच्या गळ्यात घातला आणि म्हणाली, "माझी छाती झाली नसती बाहेर यायची."

डॉक्टरांनी टोकिलुपेला बरेच आठवडे खेळू दिलं नाही. तिनेही हट्ट केला नाही. सामन्यानंतरच्या रविवारी चर्चमध्ये वडील सगळ्यांसमोर उभे राहिले. घसा खाकरला, पुन्हा खाकरला.

"परवा मी मूर्खासारखा ओरडलो," ते म्हणाले. "माझ्या पोरीने माझं ऐकलं नाही. देवाचे उपकार." आणि खाली बसताना त्यांनी टोकिलुपेकडे असं पाहिलं, की आमच्या बाकावर सगळ्यांच्याच माना ताठ झाल्या.