गोल गोल, पंधरा मिनिटं

दातवालीचा नवरा पोहायला शिकवायचा. तलावावर सगळे त्याला कोच म्हणत आणि घरीही त्याला तेच ऐकायला आवडायचं. उघड्या अंगाने, गळ्यात शिट्टी अडकवून तो काठाने असा चालायचा की जणू पाणी त्याच्या बापाचं. छाती दारासारखी रुंद. त्या छातीचा एवढा माज, की बायकोच्या छातीवर बोलल्याशिवाय सकाळचा चहा त्याच्या घशाखाली उतरत नसे.

"शिकाऊ लोकांना आम्ही धरायला फळी देतो ना," चार मित्र घरी आले की तो सांगायचा, "तसली एक मी घरी आणून ठेवलीय." मित्र खो खो हसायचे. दातवाली आत कपबशा विसळत दातओठ खायची आणि गप्प बसायची. सात वर्षं गप्प बसली. बाई गप्प बसते म्हणजे तिला काही वाटत नाही, असं समजणारे महाभाग काय कमी असतात?

दातवाली म्हणजे दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवणारी. दवाखान्यांतून हिरड्यांचे ठसे यायचे. ती मेणात एकेक दात बसवायची, गुलाबी हिरडी घडवायची, घासून घासून लखलखीत करायची. हाताला मोठी गुणाची बाई. पण घरी त्या गुणांना विचारतो कोण!

त्यात नणंदेने नवा धंदा काढला. एक क्रीमचा डबा, एक कॅप्सूलची बाटली. डब्यावर हिरवं पान, खाली लिहिलेलं: रोज सकाळी गोल गोल चोळा, पंधरा मिनिटं.

"शंभर टक्के झाडपाल्याचं आहे गं," वन्सं म्हणाल्या. "तीन महिन्यांत ब्लाउज नवे शिवावे लागतील तुला. आमच्या दादाचाही जीव शांत होईल."

"वन्सं, मला नको आहे हो हे."

"तुला कोण विचारतंय?" कोच म्हणाला. "आणि चोळणार मी. हिच्यावर सोडलं तर दोन मिनिटांत उरकेल."

लॅबमध्ये हिरडीचा मसाला कालवायला एक उग्र वासाचं पाणी लागतं. पहिल्याच दिवशी तिथल्या मास्तरांनी तिला दटावलं होतं, "हातमोज्याशिवाय शिवायचं नाही. कातडी पिते, बाई, कातडी सगळं पिते." ते तिच्या अंगवळणी पडलं होतं. म्हणून डबा उघडला त्या सकाळी तिने लॅबमधून आणलेले हातमोजे नवऱ्यापुढे धरले.

त्याने ते कोपऱ्यात भिरकावले. "मी काय प्रेताला हात लावतोय?"

मग रोज सव्वासहाला तो पलंगाच्या कडेवर बसायचा आणि घड्याळ लावून चोळायचा. माया नाही, दया नाही, कणीक मळल्यासारखं. दर रविवारी तिला आरशासमोर बाजू वळवून उभी करायचा आणि बहिणीला फोन लावायचा. फोनचा स्पीकर चालू. "अजून फळीच आहे गं." पलीकडून वन्संचं खिदळणं. दातवाली तिथेच उभी, ब्लाउजची बटणं लावत. तळपायाची आग मस्तकात जायची.

दुसरा महिना लागला आणि तिचं डोकं ठणकू लागलं. पाळीचा काही ताळतंत्र राहिला नाही. मधेच रक्त जायचं, लॅबमध्ये स्टुलावरून उठायची भीती वाटायची. शेवटी ती एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी रक्त तपासलं, रिपोर्ट वाचला आणि चष्मा काढला.

"काय लावता अंगाला?"

तिने डबा दाखवला.

"कसला झाडपाला! यात बायकांचं हार्मोन आहे, तेही वर न लिहिता. तुमचं रक्तच सांगतंय. आजपासून बंद. नाहीतर गर्भाशयाचं अस्तर वाढत जाईल आणि मग माझ्याकडे भूल घ्यायला यावं लागेल." मग त्यांनी विचारलं, "लावतं कोण?"

"नवरा."

"हातमोजे घालून?"

"नाही."

"अहो, मग ते त्याच्याही अंगात जातंय की! पुरुषाच्या अंगात गेलं की त्याची छाती वाढते. आजच सांगा त्याला."

सांगते म्हणाली आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरली. रस्ता ओलांडला, भाजी घेतली, घरी आली. कोच सोफ्यावर पाय पसरून बसला होता. "काय म्हणाली डॉक्टरीण?"

"अशक्तपणा आहे म्हणाल्या."

बस्स, तेवढंच. कॅप्सूल तिने त्याच संध्याकाळी संडासात ओतल्या. डबा मात्र होता तिथेच राहिला. क्रीम बंद केलं तर त्याचं चोळणं बंद, आणि चोळणं बंद तर सगळाच खेळ खलास. तिला ते पुरतं कळत होतं. तो बाहेर पडला की ती न्हाणीघरात शिरून साबणाने खसाखसा अंग धुवायची, तरी रक्त थांबेना. म्हणायची, जाऊ दे, माझं जे व्हायचं ते होवो. पण याला सोडायची नाही.

"जरा जोर लावून चोळा ना," एके सकाळी ती म्हणाली. "फरक पडतोय असं वाटतंय."

कोच खूश. "बघ! कोणाचा हात आहे!" पंधराची वीस मिनिटं झाली. वन्संनी आनंदाने दुसरा डबा आणून दिला, वर आणखी मोठा.

तिसऱ्या महिन्यात तो तलावावर टी-शर्ट घालून उभा राहू लागला. बनियन टोचतं म्हणाला. गाडीचा पट्टा लागतो म्हणाला. एकदा न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं होतं. तो आरशासमोर छाती चाचपत होता. तोंड असं झालेलं, विचारू नका. दातवाली ओट्यापाशी आली आणि तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला, कारण हसू बाहेर फुटत होतं.

तलावाच्या वार्षिक स्पर्धेच्या दोन दिवस आधी ती पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी तिला झाडझाड झाडलं. अस्तर वाढलं होतं; आता एक दिवसही लावलं तर थेट ऑपरेशनच्या टेबलावर. ती घाबरली, खरंच घाबरली. घरी येताच तिने दोन्ही डबे गल्लीतल्या कचराकुंडीत टाकले आणि नवऱ्याला क्रीम संपलं म्हणून सांगितलं. पण दवाखान्यातून उठण्यापूर्वी तिने एक विचारून घेतलं होतं: पुरुषाचं वाढलेलं जातं का? लवकर थांबवलं तर बहुतेकांचं चार-सहा महिन्यांत आपोआप ओसरतं, बाई म्हणाल्या होत्या.

स्पर्धेत शेवटी कोच लोकांची शर्यत असते. दरवर्षी हाच जिंकायचा. यंदा टी-शर्ट घालूनच उभा राहिला. पंचाने शिट्टी मारली, "कोच, कपडे काढा, नियम नियम असतो." तीनशे माणसं बघत होती. त्याने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं, आणि टी-शर्ट डोक्यावरून काढला.

मग मागच्या बाकावरून कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग काय, बांधच फुटला. वन्संनी पदर तोंडाला लावला. कोचने दोन्ही हात छातीवर धरले आणि पाण्यात उडी न मारताच कपडे बदलायच्या खोलीकडे पळाला. तिसऱ्या रांगेत बसलेल्या दातवालीला वाईट वाटलं का? छे! तिला मजा आली. सात वर्षांत इतकी मजा आली नव्हती.

घरी तो पलंगावर टॉवेल गुंडाळून बसला होता. "काय झालंय मला?"

तिने सगळं सांगितलं. डबा, हार्मोन, त्याचे उघडे हात. काहीही राखून न ठेवता.

"तुला माहीत होतं?"

"दोन महिने झाले."

"आणि तू तोंड उघडलं नाहीस? नवरा आहे मी तुझा!"

"तुम्ही सात वर्षं बोलत होतात," ती म्हणाली. "मी दोनच महिने गप्प बसले."

तो ताडकन उठला. टॉवेल घसरला, तशी त्याने घाईघाईने तो पुन्हा ओढून घेतला आणि खाली बसला. रागच ओसरला त्याचा. मग लहान आवाजात, जो आवाज तिने त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, त्याने विचारलं, "हे जाईल ना गं?"

"नाही," दातवाली म्हणाली. "असंच राहतं म्हणे."

त्याने तोंड ओंजळीत घेतलं. ती उठली, चहाचं आधण ठेवलं, एकटीपुरतं. ओसरेल तेव्हा त्याचं त्याला कळेल.