चाकूला ऊन पाणी

विद्याश्रीने चाकू उलटा धरून खिळीपाशी शिलाई मशीनच्या तेलाचे आणखी दोन थेंब सोडले आणि खाचेत नख घालून पातं ओढलं. ते अर्ध्यावर आलं, आत वाळू असावी तसं कुरकुरलं आणि तिथंच अडून राहिलं. नख मात्र तुटलं.

रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजारात, गोणपाटावर मांडलेल्या जुन्या कुलपांत आणि तोट्यांत तिला तो घडीचा चाकू दिसला होता. शिसवी मूठ, बोटभर पातं. अगदी तिच्या वडिलांच्या, आप्पांच्या, चाकूसारखा. आप्पांचा तो दवाखान्याच्या धावपळीत कुठं गेला, कळलंच नाही. तीस वर्षं ते मार्केट यार्डात गुळाची पारख करत. गुळाच्या रव्यात, म्हणजे ढेपेत, चाकू घालून चिमूटभर गूळ काढायचा, बोटांत चुरायचा, जिभेवर ठेवायचा, मगच बोलायचं. ते गेल्यापासून आठ महिने घरात गूळ आला नव्हता. डबा फळीवर रिकामा होता. आणते म्हटलं की तिची आई, अव्वा, एवढंच म्हणायची,

"बघून घेनारं कोन हाय आता?"

चाकू असला तर आपण बघू शकू, असं विद्याश्रीला वाटलं होतं.

"आजबी त्येच?" अव्वा ओट्यापाशी येऊन उभी राहिली. "काल राकेल, आज त्याल. भाकरीला वास यायलाय की."

"आत गंज हाय, अव्वा. सुटंना झालाय."

"गंज कोन म्हनलं?"

"केरबा. एसटीडी बूथपाशी धार लावतोय त्यो. टाकून द्या म्हनला."

"केरबाला इळं-खुरपं कळतंय. आन हिकडं."

अव्वाने चाकू नाकाशी नेला. खिळीजवळची काळपट कड अंगठ्याने खरवडली. मग पातेल्यातलं कढत पाणी वाटीत ओतून चाकू त्यात सोडला.

"अगं, पाण्यानं आणखी गंजंल!"

"गप बस."

पहिलं पाणी तेलकट झालं. तिने ते ओतून दुसरं घातलं, मग तिसरं. तिसऱ्या वाटीत खिळीपासून एक तांबूस धागा सुटला, हळूहळू पसरला आणि वाफेबरोबर वास वर आला. विद्याश्रीने वाकून तो पुन्हा घेतला. गुळाचा होता.

"गूळ तेलात इरघळतोय व्हय गं? मास्तरीन म्हनं! शाळंत काय शिकवतीस?"

"तुला कसं कळलं?"

"रोज सांजचं न्हानीत तांब्याभर ऊन पानी कशाला असायचं मग?"

आप्पा यार्डातून आले की आधी न्हाणीत जात. तो तांब्या त्यांच्या हातपाय धुण्याचा, अशीच विद्याश्रीची लहानपणापासून समजूत होती.

अव्वाने चाकू पदराने कोरडा केला, तेलाचा एकच थेंब सोडला आणि पातं उघडलं. मिटलं. टक्. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. तिसऱ्यांदा गरज नव्हती, तरी तिने ते केलं.

"घे," ती म्हणाली. "आनि कापायचं झालं तर खालच्या अंगानं कापावं. वरनं समदाच गूळ चांगला दिसतोय."

विद्याश्रीने चाकू शाळेच्या पिशवीत ठेवला.

सकाळी चपला घालायला ती मागच्या दारी आली. धुण्याच्या दगडावर, कोवळ्या उन्हात, गुळाचा डबा घासून पालथा घातलेला होता.