हापूसच्या कलमाचं नाव

किशोरीचं पत्र चार महिने देवाच्या फोटोमागे पडून होतं. आनंदीने त्याला उत्तर दिलं नव्हतं. आज चहा झाल्यावर ती अचानक नवऱ्याला म्हणाली, "काढा ता पत्र. आज लिवून टाकूया."

भिकाजीने चष्मा पुसला आणि पुन्हा एकदा वाचून दाखवलं. आनंदी आणि किशोरी वेंगुर्ल्याच्या एका रोपवाटिकेत अकरा वर्षं एकाच बाकड्यावर बसून आंब्याची कलमं बांधायच्या. किशोरी नांदगावला मुलाकडे राहायला गेली, तेव्हा दोघींनी मिळून बांधलेलं एक कलम तिने सोबत नेलं. 'आंबो यंदा पयल्यांदा लागलो,' तिने लिहिलं होतं. 'त्या कलमाक आपण नाव ठेवलेला. माझ्या तोंडार येता, पण भायर पडणा नाय. तू सांग. तुझे पाय गेले तरी याद घट्ट.'

किशोरीला ऐकू कमी येई, त्यामुळे फोनचा प्रश्नच नव्हता.

"तिका फक्त पाय म्हायत आसत," आनंदी म्हणाली.

तिच्या आजाराचं नाव लांबलचक होतं, मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदूतल्या नसांवरचं वेष्टण झिजतं, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. आनंदीला ते लगेच कळलं. पट्टी वेळेआधी सुटली की कलमाचा सांधा धरत नाही, तसंच ते. मग स्मरण तपासायला डॉक्टर म्हणाले, "डोळे मिटा आणि पुढचा गणपती कसा असेल ते सांगा." तिने मखर सांगितलं, करंज्या सांगितल्या, आरती सांगितली. सगळं बरोबर होतं. पण डोळ्यांपुढे काहीच आलं नव्हतं, किराण्याची यादी वाचावी तसं ती बोलत होती. मागचंही आता तसंच झालं होतं. बाकडं होतं, चाकू होता, किशोरी होती. नुसते शब्द.

भिकाजी परसात गेला. आंब्याच्या दोन काड्या आणि प्लास्टिकची एक पट्टी घेऊन आला. रोपवाटिकेत प्रत्येक बाईची पट्टी बांधायची तऱ्हा वेगळी असे. कलम मेलं की शेवटचा पीळ बघून मुकादम ओळखायचा, हे कोणाचं. आनंदीचं क्वचितच मरायचं.

"हातांक म्हायत आसात काय बघ," तो म्हणाला.

तिने काड्या जुळवल्या. पट्टी दोनदा घसरली. तिसऱ्यांदा एक वेढा बसला, पण पुढचा कुठून घ्यायचा ते हातांनाही ठाऊक नव्हतं. तिने काड्या मांडीवर ठेवल्या.

"माझ्या आयशीचा नाव घाल," भिकाजी म्हणाला. "आंबो आंबट निघालो तर दोष तिचो."

"मेल्यार पण म्हातारेक सोडू नकात," ती हसली.

त्याने कोरा कागद पुढ्यात घेतला. मग कागदाकडे बघतच हळूच म्हणाला, "मोगरी लिवूया? तिकाय आठावणा नाय. तिका काय कळतला?"

मोगरी. आनंदीने डोळे मिटले. किशोरी कलमावर पाणी शिंपडत होती, हसत 'मोगरी' म्हणत होती. तिच्या मनगटावर ऊन होतं. किती वर्षांनी काही दिसत होतं. ते आतून आलं होतं की नवऱ्याच्या तोंडून, तिला सांगता येईना.

"नको," ती म्हणाली.

"कित्या गो?"

"उद्या माका ता खराच वाटतला. मगे खरा नाव येवक जागाच रवाची नाय."

भिकाजीने पेनाचं टोपण काढलं.

"लिवा," ती म्हणाली. "किशोरी, कलमाचा नाव माका आठावणा नाय. माझी याद पायांआदी गेली. तूय इसारलंस, म्हणजे आता ता कोणाकच म्हायत नाय."

पेन थांबलं. "इतका सगळा लिवू?"

"लिवा. आणि इचारा, आंबो गोड होतो काय. ता तिना लिवलाच नाय."

तिठ्यावरच्या लाल टपालपेटीपर्यंत त्याने तिची चाकांची खुर्ची ढकलत नेली. पत्र तिने स्वतःच्या हातात धरलं होतं. पेटीच्या फटीत हात गेला, पण बोटं उघडेनात. भिकाजी मदतीला पुढे झाला नाही. रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. बऱ्याच वेळाने अंगठा सुटला. पेटी रिकामी असावी. पत्र तळाला टेकल्याचा आवाज दोघांनाही ऐकू आला.