रिकामी आलेली नाव

मी जयरामची नाव बोलतेय. जयराम आता नाही, पण तो उभा राहायचा ती मागची फळी वारा नसतानाही अधूनमधून करकरते.

सागाच्या फळ्या जोडून त्यानेच मला घडवलं. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. त्या गंगेवर आम्ही माणसं, भाजीच्या पाट्या, कधी कुणाच्या अस्थी घेऊन ये-जा करायचो. वल्हवताना तो माझ्याशी गप्पा मारायचा. मला त्याचा फार लळा होता.

एका श्रावणात पूर आला. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला लागलं. पलीकडे अडकलेल्यांना आणायला आम्ही निघालो आणि मधल्या धारेत वल्हं मोडलं. खालच्या घाटाला मी लागले ती एकटीच. जयराम सापडलाच नाही.

त्याची बायको सगुणाबाई मला बघायलाही आली नाही. तिचा दीर चिमाजी दहाव्याचा विषय काढायचा, तेव्हा ती कुंकू आणखी ठसठशीत लावायची. लोकांनी मला अपशकुनी ठरवून घाटावर पालथं घातलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सिनेमावाले आले. मुंबईच्या गोदीत शूटिंगची परवानगी मिळेना, म्हणून हे शहाणे नाशकात बंदर उभारायला निघाले होते. जुन्या घाटावर खोकी, जाड दोर, थर्माकोलची क्रेन. हमालांच्या पोत्यांत भुसा आणि अंगावर बाटलीतून फवारलेला घाम. मला हसूच आलं. त्यांना एक जुनी नाव हवी होती. चिमाजीने मला देऊन टाकलं.

मला काळा रंग फासला. गर्दीत उभं राहायला आसपासच्या बाया बोलावल्या होत्या, त्यात सगुणाबाईही होती. नाव कुणाची, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

यंत्रातून धुकं सोडलं आणि पाण्याखालच्या दोरीने मला काठाकडे ओढलं. मी जवळ आले आणि सगुणाबाईने मला ओळखलं. तिचा चेहरा पाहून वाटलं, आत्ताच्या आत्ता बुडावं.

दिग्दर्शक म्हणाला, परत एकदा. मला मागे नेलं, पुन्हा आणलं. मग पुन्हा. दर वेळी ती वाकून आत पाहायची.

शेवटी ती पायऱ्या उतरून पाण्यात आली. माझ्या काठावर तिने हात ठेवला. मग शूटिंग बघायला आलेल्या चिमाजीला म्हणाली, "भाऊजी, लय वाट पाहिली. ह्यांचा दहावा करून टाका."

आता मी गाळात अर्धी रुतले आहे. तो सिनेमा टीव्हीवर अजून लागतो म्हणे. जितक्यांदा लागतो, तितक्यांदा मी रिकामी येते. धुक्यात असते, तोवर कुणाला काही कळलेलं नसतं. तुमच्या घरी लागलाच, तर तेवढ्यात बंद करा. मला काठाला लागू देऊ नका.